बढती, घसरण आणि बुडीत खाती

माणसानं नेहमी मोठ्याचा चाहता व्हावं, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. गाणं ऐकावं तर मोठ्या गवयाचं, देव धरावा तर मोठ्या रांगेचा, आणि फुटबॉल बघावा तर माद्रिद, मँचेस्टर नाहीतर बार्सिलोनाचा. आमच्या शाखेत दर सोमवारी काउंटर उघडण्यापूर्वी दहा मिनिटं युरोपच्या फुटबॉलवर जो परिसंवाद चालतो, त्यात या तीन गावांबाहेरचा माणूस बोलत नाही. बोललाच तर त्याला चहा सांगायला पाठवतात. मी स्लोव्हेनियाच्या दुसऱ्या विभागाचा आहे, ही बातमी फुटल्यापासून चहाचं खातं कायमचं माझ्याकडे आलेलं आहे.

"स्लोव्हेनिया म्हणजे ते झेकवाल्यांच्या शेजारचं ना?"

"ते स्लोव्हाकिया."

"तेच हो. आणि त्यातही पुन्हा दुसरा विभाग?" आमचे अकाउंटंटसाहेब म्हणाले. "अहो, मोबाइलला पैसे तेवढेच पडतात ना? मग पहिला विभाग बघा की!"

या वाक्यावर सगळी शाखा हसली. सबस्टाफसुद्धा हसला. हा लेख म्हणजे त्या वाक्याला दिलेलं लेखी उत्तर आहे. लेखी अशासाठी, की बँकेत तोंडी बोललेल्याला कोणी जुमानत नाही.

आधी देशाची ओळख करून देतो. स्लोव्हेनिया क्षेत्रफळानं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि लोकसंख्येनं पुणे शहरापेक्षा लहान. माणसं सगळी मिळून साधारण एकवीस लाख. १९९१ साली हा देश युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. त्यांची भाषा मला येत नाही. पण तिच्यात संस्कृतसारखं द्विवचन अजून जिवंत आहे, हे कळल्यावर मला त्या लोकांबद्दल आदर वाटू लागला. आपण शाळेत 'रामौ' पाठ केलं, मार्क घेतले आणि विषय सोडून दिला. ते लोक भाजी घेतानासुद्धा द्विवचन वापरतात. खालच्या विभागातल्या एखाद्या पावसाळी सामन्याला किती प्रेक्षक येत असतील याचा अंदाज केला, की भाषेत ही सोय का टिकून राहिली हेही लक्षात येतं.

तर एकवीस लाखांच्या या देशात फुटबॉलची उतरंड मात्र चांगली खोल आहे. सगळ्यात वर पहिला विभाग. त्यात संघ दहा. प्रत्येक संघ प्रत्येकाशी हंगामात चार वेळा खेळतो, म्हणजे छत्तीस सामने. वर्षातून चार वेळा तोच पाहुणा! आपल्याकडे व्याह्यांनासुद्धा इतक्यांदा कोणी बोलवत नाही. त्याखाली दुसरा विभाग. २०१८-१९ च्या हंगामात तो सोळा संघांचा झाला, तीस सामन्यांचा. त्याखाली तिसरा विभाग, तो पूर्व आणि पश्चिम असा वाटलेला. आणि त्याच्याही खाली नऊ प्रादेशिक संघटनांच्या आपापल्या लीग. आपल्या भाषेत बोलायचं तर जिल्हा पातळी. तिथं मैदानाच्या एका बाजूला चर्चचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला मक्याचं शेत. गोलरक्षक सोमवार ते शुक्रवार कुठंतरी नोकरीला असतो.

या संघांची नावं ऐका. पूर्वेला, हंगेरीच्या सीमेजवळ लेंदावा नावाचं गाव आहे. तिथं तेलाचा उद्योग होता, म्हणून संघाचं नाव 'नाफ्ता', म्हणजे खनिज तेल. व्हेलेन्येला कोळशाची खाण, म्हणून तिथला संघ 'रुदार', म्हणजे खाणकामगार. त्रबोव्ल्येलाही खाण, म्हणून तिथंही आणखी एक 'रुदार'. किद्रिचेवोत अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना, तर संघाचं नाव सरळ 'अलुमिनी'. राव्हने गावात पोलादाचा कारखाना, तिथं 'फुझिनार', म्हणजे लोखंडाच्या भट्टीवरचा माणूस. मारिबोरमध्ये 'झेलेझ्निचार', म्हणजे रेल्वेवाला. गुणतक्ता वाचतोय की कामगार आयुक्तांच्या कचेरीतली फाइल, तेच कळत नाही. मुंबईच्या लीगमध्येही एके काळी गिरण्या, बँका, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट असे संघ असत. त्या काळातल्या माणसाला हा तक्ता वाचताना परकं वाटायचं कारण नाही. शनिवारी खाणकामगारानं रेल्वेवाल्याला दोन गोलांनी हरवलं, ही बातमी वाचून मला जो आनंद होतो, तो एका अब्जाधीशाच्या संघानं दुसऱ्या अब्जाधीशाच्या संघाला हरवल्याच्या बातमीनं का व्हावा?

आणि हा गुणतक्ता! बी.कॉम. झालेल्या माणसाला फुटबॉलमध्ये आवडण्यासारखं काही असेल तर ते हे. सोळा संघांनी केलेल्या गोलांची बेरीज करा. सोळा संघांनी खाल्लेल्या गोलांची बेरीज करा. पैशाचाही फरक निघणार नाही. जितके विजय तितकेच पराभव. गोलफरकाच्या रकान्याची बेरीज बरोबर शून्य. एखादा संघ सामन्याला आलाच नाही, तर दुसऱ्याला ३-० असा विजय देऊन टाकतात. म्हणजे त्या नोंदीलासुद्धा दोन बाजू! सतराव्या शतकातल्या आपल्या जमाखर्चाच्या वह्यांपासून आजच्या संगणकापर्यंत आम्ही कारकून मंडळी ज्यासाठी झुरलो, तो न चुकणारा ताळा इथं दर शनिवारी संध्याकाळी आपोआप जुळतो. ज्यानं मार्चअखेर रात्री साडेअकरापर्यंत नव्वद पैशांचा फरक शोधलेला आहे, त्याला याचं मोल सांगायला नको.

हंगाम जुलैच्या आसपास सुरू होतो. डिसेंबरच्या आत मैदानं गोठायला लागतात, तेव्हा थांबतो, आणि हिवाळा सरला की पुन्हा सुरू होतो. या अर्ध्या हंगामाला जो पहिल्या नंबरावर असेल, त्याला 'शरद-विजेता' म्हणतात. त्याला बढती नाही, हक्क कसलाच नाही. नुसती पदवी! आमच्याकडे सप्टेंबरअखेरच्या अर्धवार्षिक आकड्यांवर मॅनेजरसाहेबांचं जे कौतुक होतं, तसलाच हा प्रकार. वसंतात खरा हिशेब होतो. दुसऱ्या विभागात पहिला येणारा वर जातो, आणि दुसऱ्या नंबराच्या संघाला बहुतेक हंगामांत वरच्या विभागातल्या शेवटून दुसऱ्याशी दोन हात करायची संधी मिळते. तळाचे संघ खाली जातात.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. खालच्या विभागात पहिला आलेला एखादा संघ वर जायला चक्क नकार देतो, असंही तिथं घडतं. वरच्या विभागात जायचं तर मैदानाला नियमाप्रमाणे आसनं हवीत, दिवे हवेत, कागदपत्रं हवीत, आणि लांबच्या गावांना जायला बसचं भाडं हवं. तेव्हा "आभारी आहोत, पण आम्ही इथंच बरे आहोत" असं कळवून मंडळी पुन्हा आपल्या मक्याच्या शेताशेजारी खेळायला लागतात. आमचे फुटबॉलप्रेमी सहकारी याला पळपुटेपणा म्हणतात. हे म्हणणारे तिघेही प्रमोशन नाकारून बसलेले आहेत. ऑफिसर झालं की तीन वर्षं आडगावी जावं लागतं, मुलांच्या शाळेचं कसं होणार, आई थकलेली आहे, असं त्यांनी लेखी दिलेलं आहे. आपल्या घरातलं ते व्यवहारज्ञान आणि स्लोव्हेनियातलं ते पळपुटेपण, हा न्याय मला समजत नाही.

पण हे सगळं झालं आवडीनिवडीचं. माझं खरं भांडण याच्यापुढे आहे, आणि ते पैशाचं आहे.

राजधानी ल्युब्ल्यानाचा ओलिम्पिया हा संघ घ्या. युगोस्लाव्हियाच्या काळातला मातब्बर संघ. देश स्वतंत्र झाल्यावर १९९२ ते १९९५ अशी पहिली चारही अजिंक्यपदं त्यांची. आणि मग खर्च जमेच्या पुढे गेला, कर्ज साचलं, आणि २००५ साली संघ बुडाला. आता राजधानीचा, चार वेळचा अजिंक्य संघ बुडाला, तर आपल्याकडे काय झालं असतं? कमिटी बसली असती. परतफेडीचे हप्ते लांबवले असते. व्याज माफ झालं असतं. मग 'हेअरकट' नावाचा प्रकार झाला असता, ज्यात केस नेहमी बँकेचे कापले जातात आणि गिऱ्हाईक भांग पाडून बाहेर पडतं. आणि संघ पहिल्या विभागातच राहिला असता, कारण इतका मोठा संघ खाली कसा जाणार?

ल्युब्ल्यानात असलं काही झालं नाही. त्याच वर्षी बेझिग्राद नावानं नवा संघ निघाला आणि तो थेट पाचव्या पायरीवर जाऊन उभा राहिला. ज्या मंडळींनी युरोपातले नामवंत संघ आपल्या घरी येताना पाहिले होते, ते 'हिरवे ड्रॅगन' नावाचे पाठीराखे आता खेड्यापाड्यांतल्या मैदानांवर झेंडे घेऊन जायला लागले. चार हंगाम, चार बढत्या. २००९ साली संघ पहिल्या विभागात परतला, तोवर जुनं नावही परत आलेलं होतं. २०१६ साली पुन्हा अजिंक्य. मग २०१८, २०२३ आणि २०२५.

अकाउंटंटसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बरोबर बोट ठेवलं. म्हणाले, "म्हणजे जुनं खातं बुडवलं आणि नव्या नावानं नवं उघडलं. असले तर आपल्याकडेही आहेत!" मुद्दा बिनतोड आहे, नाही म्हणत नाही. जुन्या संघाच्या येणेकऱ्यांनी मनात काय म्हटलं असेल, ते कुठल्याही भाषेत छापण्यासारखं नसणार. पण फरक बघा. आपल्याकडे नव्या नावानं खातं उघडणारा माणूस जुना बंगला, जुनी मोटार आणि जुनी ओळख घेऊन येतो. इथं नव्या संघाला पाच मजल्यांच्या इमारतीत तळमजल्याची खोली मिळाली आणि जिना दाखवला. वर आणखी एक शिक्षा. देशाची फुटबॉल संघटना जुनी चार अजिंक्यपदं या नव्या संघाच्या खात्यावर जमा धरत नाही. देणं नको ना? मग येणंही मिळणार नाही! दुहेरी नोंदीचा याहून स्वच्छ नमुना मी एकवीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही.

आणि ओलिम्पिया काही एकटा नाही. कोपर हे तिथलं बंदर. तिथला संघ २०१० साली अजिंक्य होता. २०१७ साली पैशाच्या अडचणीपायी परवाना मिळाला नाही, तेव्हा तो चौथ्या पायरीवर जाऊन बसला. पायरी पायरी करत २०२१ साली वर आला आणि २०२२ साली देशाचा करंडक जिंकला. उलटा दाखलाही देतो, नाहीतर म्हणाल वकिली करतोय. क्रोएशियाच्या सीमेवर झाव्हर्च नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथला संघ भराभर बढत्या घेत २०१३ साली थेट पहिल्या विभागात गेला. साऱ्या देशानं तोंडात बोट घातलं. तीन वर्षांनी परवान्याच्या कागदांत अडकला आणि आला तसा खाली गेला. म्हणजे जिना सगळ्यांना सारखा. चढायलाही तोच आणि उतरायलाही तोच.

पण मला विचाराल तर मुर्स्का सोबोताची गोष्ट सगळ्यांत वरची. ईशान्य कोपऱ्यातलं हे गाव, शेजारून मुरा नदी जाते. नदीचं नाव संघाला, आणि तेच नाव गावातल्या कपड्यांच्या प्रचंड कारखान्याला. कारखाना २००९ साली दिवाळखोरीत गेला आणि हजारो माणसं, त्यांत बायका पुष्कळ, एका फटक्यात घरी बसली. गिरणगावात वाढलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. २०१३ साली संघही बुडाला, आणि तो पहिल्यांदा बुडत नव्हता. गावाच्या नावावर आता नुसती नदी शिल्लक राहिली. पण आदल्याच वर्षी तिथं एक फुटबॉलची शाळा निघाली होती. त्या पोरांचा संघ खालच्या विभागांतून खेळत वर सरकू लागला. २०१७ साली तिसऱ्यातून दुसऱ्यात, २०१८ साली दुसऱ्यातून पहिल्यात. २०२१ च्या मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी मारिबोरला मारिबोरच्याच मैदानावर ३-१ असं हरवून अजिंक्यपद घेतलं. आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला युरोपातल्या एका स्पर्धेत लंडनचा टॉटनहॅम त्यांच्याकडे खेळायला आला. हॅरी केन खेळत होता, गोलही त्यानं केला. १-१ अशी बरोबरी असताना, भरपाईच्या मिनिटांत, मुराच्या अमादेय मारोशानं दुसरा गोल मारला. २-१! चार वर्षांपूर्वी जो संघ तिसऱ्या विभागात खेळत होता, त्यानं लंडनला रिकाम्या हातानं परत पाठवलं. आमच्या मोठ्या संघांच्या चाहत्यांनी दुसऱ्या दिवशी याला 'अपघात' म्हटलं. मोठ्यांचा पराभव हा नेहमी अपघात असतो. लहानांचा पराभव मात्र त्यांची लायकी!

आता त्याच २०२१ सालची दुसरी गोष्ट या शेजारी मांडतो. १८ एप्रिलला युरोपातल्या बारा बड्या संघांनी जाहीर केलं, की आम्ही आमची वेगळी 'सुपर लीग' काढतो. पंधरा संस्थापकांच्या जागा कायमच्या. त्यांनी कितीही सामने हरावेत, त्यांना खाली कोणी पाठवणार नाही. यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी बार्सिलोनावर त्या वर्षी अब्जाच्या पुढे युरोचं कर्ज होतं. पुन्हा वाचा. ज्याचं खातं थकलेलं, तोच म्हणतो की मला कायमची जागा द्या! हा माणूस मी ओळखतो. तो दर महिन्याला आमच्या शाखेत येतो. काउंटरसमोरच्या रांगेत तो कधी उभा राहत नाही, सरळ साहेबांच्या केबिनमध्ये जातो आणि त्याच्यासाठी कपबशीतून चहा जातो. रांगेत उभ्या असलेल्या पेन्शनरांना मात्र आम्ही सही जुळत नाही म्हणून परत पाठवतो.

या योजनेला सर्वांत कडाडून विरोध ज्यानं केला, तो युरोपच्या फुटबॉल संघटनेचा २०१६ पासूनचा अध्यक्ष अलेक्सांदर चेफेरिन. गडी कुठला? स्लोव्हेनियाचा! अर्थात गादी त्याची, तेव्हा विरोधात त्याचा स्वार्थही होता. अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला निःस्वार्थ म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण ज्या देशात राजधानीचा संघसुद्धा पाचव्या पायरीवर जाऊन आला, त्या देशाच्या माणसाला कायमच्या जागेची कल्पना पटणं अवघडच होतं. इंग्लंडमध्ये तर त्या बड्या संघांचे स्वतःचे चाहते रस्त्यावर आले आणि दोन-तीन दिवसांत सुपर लीगचा फुगा फुटला. आपल्याकडे मात्र असं काही वावगं वाटत नाही. २०१४ साली सुरू झालेल्या आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये खालचा विभाग जिंकून वर येण्याचं दार पहिल्यांदा उघडलं ते २०२३ साली. तोवर ते बंद होतं याची आमच्या परिसंवादात एकदाही वाच्यता झाली नाही. दार बंद असलं की आतल्या माणसाला उबदार वाटतं, एवढंच.

"पण दर्जाचं काय?" हा शेवटचा बाण नेहमी ठेवलेला असतो. त्यालाही उत्तर आहे. योसिप इलिचिच हा खेळाडू स्लोव्हेनियाच्या दुसऱ्या विभागात बोनिफिका नावाच्या छोट्या संघातून खेळत होता. पुढे गेला त्या संघाचीही २०१० साली घसरगुंडी झाली. त्याच उन्हाळ्यात त्याला मारिबोरनं उचललं, आणि काही आठवड्यांत तो इटलीत. १० मार्च २०२० ला चॅम्पियन्स लीगमध्ये त्यानं व्हॅलेन्सियाच्या मैदानावर एकट्यानं चार गोल केले. बेंजामिन शेश्को हा सावा नदीकाठच्या राडेचे गावचा. पोरवयात राडेचे, त्रबोव्ल्ये, क्रश्को असल्या संघांतून खेळला. २०२५ साली त्याला कोणी घेतलं? मँचेस्टर युनायटेडनं! परिसंवादातले मँचेस्टरवाले त्या दिवशी पेढे वाटत होते. मी चहा सांगायला निघालो होतो, जाता जाता एवढंच म्हणालो, "हा आमच्याकडचा." एक पेढा मला जास्त मिळाला.

तेव्हा साहेब, पहिला विभाग का बघत नाही, या आपल्या प्रश्नाला उत्तर असं. ज्या तक्त्यात तळाचा माणूस वर जाऊ शकतो आणि वरचा खाली येऊ शकतो, तो तक्ता मला वाचावासा वाटतो. ज्यात वरच्या जागा आधीच वाटून झालेल्या आहेत, तो वाचायला मला फुटबॉलची गरज नाही. त्यासाठी बँकेची सीनिऑरिटी लिस्ट पुरेशी आहे.

वाचकांना मात्र एक सुचवून ठेवतो. जुलैच्या आसपास नवा हंगाम सुरू होतो. वर्गणी नाही, टोपी विकत घ्यावी लागत नाही. तेलवाले, खाणवाले, भट्टीवाले, रेल्वेवाले, कोणताही एक संघ धरा आणि शनिवारी संध्याकाळी निकाल बघत जा. हरला तर ऑफिसात कोणी चिडवणार नाही, कारण कोणाला माहीतच नसतं. जिंकला तर आनंद सगळा आपल्या एकट्याचा, त्यात कोणी वाटेकरी नाही. त्यावर अजून टॅक्सही बसलेला नाही.